हाताला जुळणारा कळफलक

लेखनाचे साधन बदलले की लिहिणाऱ्याच्या शरीराची ठेवणही बदलते. बोरूने मोडी लिहिणारा कारकून मांडी घालून, पुढ्यात उतरते मेज घेऊन बसत असे. टंकलेखन यंत्र आले आणि तो खुर्चीवर बसू लागला. संगणक आला आणि त्याचे दोन्ही हात दिवसभर एका सपाट फळीवर खिळून राहिले. साधनातील या स्थित्यंतरांची दखल प्रशासनाने वेळोवेळी घेतली. परंतु त्या साधनापुढे बसणाऱ्या माणसाच्या हाताचे काय होते, याचा विचार मात्र क्वचितच झाला.

आज शासनाचे बहुतेक कामकाज कळफलकावरून, म्हणजेच ‘की-बोर्ड’वरून चालते. मंत्रालयातील टिप्पणी असो, तहसील कार्यालयातील सातबाराची नोंद असो, शाळेतील विद्यार्थ्यांची माहिती असो, की ग्रामपंचायतीच्या आपले सरकार सेवा केंद्रातून दिला जाणारा दाखला असो, कोणाच्या तरी दहा बोटांनी ती अक्षरे उमटवलेली असतात. या बोटांच्या धन्याने ‘मनगट दुखते’, ‘रात्री हाताला मुंग्या येतात’ अशी तक्रार केली, तर पुष्कळदा ती कामचुकारपणाची सबब समजली जाते. वस्तुतः हे दुखणे नवे नाही. कामगारांच्या व्याधींचा पद्धतशीर अभ्यास करणारे इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७१३ मध्येच लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे नोंदवली होती: सतत बैठक, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. सुमारे तीनशे वर्षांनंतरही या तीन कारणांत फारसा फरक पडलेला नाही.

या त्रासावरील एक उपाय म्हणून हाताप्रमाणे उघडता, उचलता व वळवता येणारा कळफलक गेल्या काही दशकांत पुढे आला आहे. तो कसा असतो, कसा लावावा, त्याचा खरा उपयोग किती आणि तो विकत घेण्यापूर्वी कोणत्या गोष्टी करता येतील, याची माहिती या लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

आजचा कळफलक असा का?

अमेरिकेतील मिलवॉकी या शहरात ख्रिस्तोफर लॅथम शोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६८ मध्ये टंकलेखन यंत्राचे एकस्व मिळवले. रेमिंग्टन कंपनीने तयार केलेले त्यांचे यंत्र १८७४ मध्ये बाजारात आले. या यंत्रातील प्रत्येक कळीखाली एक लोखंडी दांडी असे. या दांड्या एकमेकींना अडखळू नयेत म्हणून कळींच्या ओळी एकीखाली एक सरळ न ठेवता किंचित सरकवून बसवण्यात आल्या. म्हणजे कळींची ही मांडणी हाताच्या सोयीसाठी नव्हे, तर यंत्राच्या सोयीसाठी झालेली होती.

भारतात गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये देशी बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ कचेऱ्याकचेऱ्यांत ही यंत्रे खडखडत राहिली. २००९ मध्ये त्यांचे उत्पादन थांबले. संगणकाच्या कळफलकाखाली कोणतीही दांडी नाही. तरीही कळींची ती जुनी तिरकी मांडणी आणि अरुंद रचना तशीच राहिली. ज्या कारणासाठी ती स्वीकारली ते कारण नाहीसे झाले. सवय तेवढी उरली.

एका बाबतीत तर टंकलेखन यंत्र हाताला अधिक दयाळू होते असे म्हणावे लागेल. ओळ संपली की गाडा ओढावा लागे, पान संपले की कागद बदलावा लागे, चूक झाली की खोडरबर हाती घ्यावे लागे. या निमित्ताने हात कळींवरून उठत, बोटे मोकळी होत. संगणकाने हे सर्व थांबे काढून टाकले. इंग्रजी टंकलेखनात ५ ठोक्यांचा एक शब्द धरण्याची पद्धत आहे. लिपिक-टंकलेखक पदासाठी इंग्रजीत दर मिनिटाला ४० शब्दांची गती अपेक्षित असते. या हिशेबाने मिनिटाला २०० आणि तासाला १२,००० ठोके होतात. दिवसातून तीन तास जरी सलग काम झाले, तरी ठोक्यांची संख्या ३६,००० वर जाते. एवढ्या वेळा होणारी हालचाल थोडी जरी वाकड्या स्थितीत होत असेल, तर तिचा परिणाम हातावर झाल्याशिवाय कसा राहील?

मनगटाचे तीन बाक

नेहमीच्या कळफलकावर हात ठेवले असता मनगट तीन प्रकारे वाकते. वाचकांनी हे स्वतः करून पाहावे.

पहिला बाक बाजूचा. टंकलेखनात दोन्ही तर्जन्या मधल्या ओळीतील ज्या दोन कळींवर टेकवतात, त्या कळींमधील अंतर जेमतेम ६ सेंटिमीटर असते. आपली कोपरे मात्र शरीराच्या दोन्ही बाजूंना, त्याच्या कितीतरी पट अंतरावर असतात. त्यामुळे कोपरापासून निघालेले हात मध्याकडे तिरके येतात आणि पंजे सरळ पुढे करण्यासाठी मनगटे करंगळीच्या बाजूस मुरडावी लागतात.

दुसरा बाक वरचा. कळफलकाच्या मागील बाजूस दोन लहान पाय असतात. ते उघडले की कळफलक पुढे उतरता होतो, कळा दिसायला बऱ्या वाटतात आणि म्हणून पुष्कळ ठिकाणी ते कायम उघडेच असतात. परंतु त्यामुळे पंजा मागे वळतो आणि मनगटाच्या आतील भागावर ताण येतो.

तिसरा बाक पिळाचा. हात सहज सोडून दिला असता अंगठा पुढे असतो व तळवा मांडीकडे वळलेला असतो. तळवा पूर्ण खाली करून कळींवर ठेवताना कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडे एकमेकांवरून ओलांडली जातात व स्नायूंना पीळ बसतो. हा पीळ तासन् तास टिकवून धरावा लागतो.

मनगटाच्या आत हाडे आणि एक जाड पट्टा यांनी बनलेला अरुंद बोगदा आहे. बोटे मिटणाऱ्या ९ कंडरा आणि एक महत्त्वाची नस या बोगद्यातून जातात. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची संवेदना या नसेवर अवलंबून असते. मनगट वाकले की बोगद्यातील दाब वाढतो. म्हणूनच मनगट सरळ असावे, हा या सर्व विषयाचा गाभा आहे.

कळफलक दुभागण्याचे प्रयत्न

कळफलक मधोमध दुभागून दोन्ही भाग हातांच्या दिशेने फिरवावेत, ही कल्पना संगणकापेक्षाही जुनी आहे. जर्मनीतील क्लोकेनबर्ग यांनी १९२६ मध्ये टंकलेखन यंत्रासाठी ती मांडली. पुढे कार्ल क्रोमर यांनी दुभागलेल्या व मध्ये उंचावलेल्या कळफलकावर प्रयोग करून १९७२ मध्ये त्याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये टंकलेखन शिकवण्याचा दीर्घ अनुभव असलेल्या लिलियन माल्ट यांनी त्याच दशकात बोटांच्या कमीअधिक लांबीनुसार खोलगट केलेला कळफलक घडवण्यात पुढाकार घेतला. १९९३ मध्ये ॲपल कंपनीने मध्ये बिजागरी असलेला, दोन भाग फाकवता येणारा कळफलक विक्रीस आणला. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टचा कायमचा दुभागलेला कळफलक आला आणि ही कल्पना सर्वसामान्य कचेऱ्यांपर्यंत पोहोचली.

आज मिळणाऱ्या कळफलकांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील. पहिल्या प्रकारात कोन कायमचा ठरलेला असतो. तो जुळवावा लागत नाही, पण बदलताही येत नाही. दुसऱ्या प्रकारात दोन भाग वरच्या टोकाशी सांध्याने जोडलेले असतात. ते पंख्याप्रमाणे फाकवता येतात आणि काहींत मधली बाजू उचलताही येते. तिसऱ्या प्रकारात दोन भाग पूर्णपणे वेगळे असून केवळ तारेने, वा तारेविनाही, जोडलेले असतात. त्यामुळे ते खांद्यांच्या रुंदीइतके दूर ठेवता येतात. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांना जुळवता येणारे कळफलक म्हणता येईल. एकाच संगणकावर दोन पाळ्यांत दोन व्यक्ती काम करीत असतील, तर या प्रकारांचा विशेष उपयोग होतो. कारण उंच पुरुषाला योग्य असलेला कोन लहान चणीच्या स्त्रीला योग्य असेलच असे नाही.

कळफलक कसा लावावा?

जुळवता येणारा कळफलक नुसता टेबलावर ठेवून भागत नाही. त्याची जुळणी पुढील क्रमाने करावी.

प्रथम खुर्ची. पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत, खांदे सैल असले पाहिजेत आणि कोपर अंगाजवळ सहज लोंबत असताना त्याची उंची कळींच्या उंचीएवढी किंवा किंचित अधिक असली पाहिजे. आपल्याकडील कार्यालयीन टेबले साधारणतः ७५ सेंटिमीटर उंच असतात. ही उंची अनेक व्यक्तींना, विशेषतः स्त्रियांना, टंकलेखनासाठी जास्त होते. अशा वेळी खुर्ची उंच करून पायांखाली लाकडी पाट ठेवावा, किंवा टेबलाखाली सरकती फळी बसवावी.

दुसरी जागा. अंकांच्या कळा उजवीकडे असल्यामुळे कळफलक टेबलाच्या मध्यावर ठेवला तरी अक्षरांचा भाग डावीकडे सरकतो व टंकलेखक नकळत तिरका बसतो. म्हणून संपूर्ण कळफलकाचा नव्हे, तर अक्षरांच्या भागाचा मध्य आपल्या बेंबीसमोर यावा.

तिसरी बाब मागील पायांची. ते मिटून टाकावेत. कळफलक सपाट, किंवा शक्य असल्यास पलीकडे किंचित उतरता असावा.

चौथी बाब फाकवण्याची. सुरुवातीस दोन्ही भाग जुळलेलेच ठेवावेत आणि दर दोनतीन दिवसांनी थोडेथोडे फाकवत जावे. कोठे थांबावयाचे हे ठरवण्यास शाळेतील ३० सेंटिमीटरची पट्टी पुरेशी आहे. हात कळींवर असताना सहकाऱ्याने ती पट्टी कोपरापुढील हातावर, मनगटावरून मधल्या बोटाच्या दिशेने धरावी. हात आणि पंजा पट्टीच्या एका रेषेत आले की कोन योग्य झाला असे समजावे. दोन भाग पूर्ण वेगळे असतील तर ते खांद्यांच्या रुंदीवर ठेवावेत. मग फारसे फिरवण्याची गरज उरत नाही.

पाचवी बाब उचलण्याची. घराच्या छपराला मध्ये आढे असते व दोन्ही बाजूंना उतार असतो, तशी कळफलकाची मधली बाजू वर करावी. त्यामुळे अंगठ्याची बाजू वर येते आणि हाताचा पीळ सैल होतो. प्रारंभी हा उतार ५ ते १० अंशांपेक्षा अधिक नसावा. उतार वाढवताना खांदे वर चढू लागले, तर तो जास्त झाला असे समजून कमी करावा.

सहावी बाब मनगटाखालील गादीची. ती विश्रांतीसाठी आहे. टंकलेखन चालू असताना मनगट तिच्यावर दाबून धरल्यास उलट त्रास वाढतो. त्या वेळी हात कळींवर तरंगता असावा.

सातवी बाब माऊसची. अंकांच्या कळांमुळे माऊस फार उजवीकडे जातो आणि दिवसभर उजवा दंड ताणलेला राहतो. ज्यांचे काम मुख्यतः अक्षरांचे आहे त्यांनी अंकांच्या कळा नसलेला कळफलक वापरावा. लेखाविभागातील कर्मचाऱ्यांसाठी अंकांचा वेगळा लहान कळफलक मिळतो; तो हवा तेव्हा जवळ घेता येतो आणि डाव्या हातालाही वापरता येतो.

नव्या कळफलकावर पहिले काही दिवस गती कमी होते व चुका वाढतात. हे अपेक्षितच आहे. म्हणून मार्चअखेरच्या धावपळीत किंवा शाळेत निकालाच्या आठवड्यात हा बदल करू नये. प्रथम दिवसातून एक तास, नंतर दोन तास, असा तो वाढवावा.

देवनागरी टंकलेखन आणि दुभागलेला कळफलक

मराठी टंकलेखकांच्या मनात एक प्रश्न साहजिकच येईल. असे कळफलक इंग्रजीसाठी घडवलेले. त्यावर मराठी कसे चालेल? याचे उत्तर समाधानकारक आहे. संगणकावरील मराठी ही संगणकातील प्रणालीने ठरते, कळफलकाच्या आकाराने नव्हे. त्यामुळे कोणताही दुभागलेला कळफलक जोडून मराठी लिहिता येते.

किंबहुना इन्स्क्रिप्ट मांडणीला तो विशेष अनुकूल आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट मांडणी ठरवली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात समाविष्ट झाली. या मांडणीत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘का’, ‘ती’, ‘पु’ अशी अक्षरे लिहिताना उजवा व डावा हात आळीपाळीने चालतो. दोन हातांची ही वाटणी मुळातच असल्यामुळे फलक दुभागला तरी लय मोडत नाही.

दोन सवयी मात्र बदलाव्या लागतात. इन्स्क्रिप्टमध्ये म, न आणि व ही व्यंजने खालच्या ओळीत डावीकडे आहेत. त्यांपैकी ‘व’ची कळ अगदी मध्याजवळ आहे आणि अनेक जण ती उजव्या तर्जनीने दाबतात. बहुतेक दुभागलेल्या कळफलकांत ही कळ डाव्या भागात असते. उजवी तर्जनी तेथे पोहोचत नाही. मराठीत ‘व’ पदोपदी येतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यातील बहुतेक अडखळणे येथेच होते. दुसरी सवय शिफ्टच्या कळीची. ळ, श, ण आणि अ, आ यांसारखे स्वर यांना शिफ्ट लागते. ळ व श उजव्या हाताने दाबताना डावीकडील शिफ्ट, आणि ण, अ, आ डाव्या हाताने दाबताना उजवीकडील शिफ्ट वापरावी, असा नियम आहे. एकाच हाताची करंगळी व दुसरे बोट ताणून दोन्ही कळा दाबण्याची सवय हे करंगळीच्या दुखण्याचे एक प्रमुख कारण होय. दुभागलेला कळफलक ही सवय आपोआप सोडवतो.

ज्यांनी जुन्या टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर शिक्षण घेतले आहे त्यांनी या निमित्ताने मांडणीही बदलावी असे नाही. एका वेळी एकच बदल करावा; हात आणि बुद्धी या दोहोंवर एकदम भार टाकू नये.

संशोधन काय सांगते?

अशा साधनांविषयी विक्रेते मोठे दावे करतात. शासकीय पैशाचा विनियोग करणाऱ्यांनी ते दावे पारखून घेणे आवश्यक आहे.

ज्या मिलवॉकीत शोल्स यांचे यंत्र जन्मले, त्याच शहरातील मार्केट विद्यापीठाच्या संशोधकांनी ९० अनुभवी कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या मनगटांचे मोजमाप करून १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीच्या कळफलकावर मनगट करंगळीकडे सरासरी सुमारे १२ अंश वाकते आणि दुभागलेल्या कळफलकावर हा बाक ५ अंशांच्या आत येतो, असे त्यांना आढळले. म्हणजे मनगट सरळ होते, यात शंका नाही.

मनगट सरळ झाल्याने दुखणे कमी होते काय? याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील अभ्यासात, हातांचे दुखणे जडलेल्या ८० संगणक वापरणाऱ्यांना चार प्रकारचे कळफलक ६ महिने देण्यात आले. त्यांपैकी कायमच्या कोनात दुभागलेला कळफलक वापरणाऱ्या गटाच्या वेदना, साधा कळफलक वापरणाऱ्यांच्या तुलनेत, कमी होत गेल्या. मात्र वैद्यकीय तपासणीत आढळणाऱ्या लक्षणांत तसा फरक दिसला नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्यांचा कोन वापरणाऱ्याने स्वतः बदलावयाचा होता, ते कळफलक या अभ्यासात सरस ठरले नाहीत. यावरून एकच निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. परंतु जुळवण्याची सोय असणे आणि प्रत्यक्षात जुळवलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढा बोध घेण्यास हरकत नाही. खोक्यातून काढून आहे तसा ठेवलेला महाग कळफलक हा केवळ महाग कळफलकच राहतो.

डेन्मार्कमध्ये सुमारे ७ हजार कर्मचाऱ्यांची वर्षभर पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मनगटातील नस दाबली जाण्याच्या विकाराला कळफलकाचा वापर हे मोठे कारण असल्याचे त्या पाहणीत दिसून आले नाही. तेव्हा प्रत्येक मुंगीला कळफलक जबाबदार धरू नये. मधुमेह, थायरॉइडचे विकार, गरोदरपण अशा अनेक कारणांनी हा त्रास होतो. हाताला रात्री बधिरता येत असेल, वस्तू हातून सुटत असेल किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग बारीक होत असेल, तर नवा कळफलक मागवण्यापूर्वी डॉक्टरांकडे जावे. उशीर झाल्यास नसेची हानी भरून येणे कठीण होते.

कमी खर्चातील उपाय

दुभागलेल्या, जुळवता येणाऱ्या कळफलकाची किंमत साध्या कळफलकाच्या कितीतरी पट असते. प्रत्येक ग्रामपंचायतीने वा शाळेने तो घ्यावा, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. किंबहुना पुढील उपाय आधी करावेत. त्यांतील काहींना एक पैसाही खर्च येत नाही.

मागील पाय आजच मिटावेत. खुर्ची वर घेऊन पायांखाली पाट द्यावा. लॅपटॉपवर दिवसभर काम होत असेल, तर तो जाड नोंदवह्यांवर उंच ठेवून त्याला स्वतंत्र साधा कळफलक जोडावा. कारण लॅपटॉपवर मान सरळ ठेवली तर हात वर उचलावे लागतात आणि हात योग्य ठेवले तर मान वाकते. अर्ध्या तासाने दोन मिनिटे हात कळींवरून उचलावेत. जुन्या यंत्रातील कागद बदलण्याचा थांबा आपण स्वतःच निर्माण करावा.

दुभागलेला कळफलक आपल्याला मानवेल की नाही, हे पाहण्याचीही एक सोपी युक्ती आहे. अंकांच्या कळा नसलेले दोन साधे लहान कळफलक एकाच संगणकाला जोडून शेजारी शेजारी ठेवावेत. डावा हात डाव्या कळफलकाच्या डाव्या भागावर आणि उजवा हात उजव्या कळफलकाच्या उजव्या भागावर ठेवावा. विंडोज प्रणालीत दोन्ही कळफलक एकाच वेळी चालतात. एकावरील शिफ्ट दाबून दुसऱ्यावरील अक्षर उमटवता येते. अशा रचनेत दोन्ही तर्जन्यांमधील अंतर सुमारे ४० सेंटिमीटर होते, म्हणजे जवळजवळ खांद्यांच्या रुंदीएवढे. आठवडाभर असे काम करून आराम वाटला, तरच पुढील खरेदीचा विचार करावा.

जबाबदारी कोणाची?

अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये अशा दुखण्यांना आळा घालण्यासाठी शासनाने नियम केले. मार्च २००१ मध्ये तेथील काँग्रेसने ते रद्द केले. नियमांचे भवितव्य असे अनिश्चित असू शकते. दुखणाऱ्या हाताने मात्र निर्णयाची वाट पाहत थांबावे, अशी अपेक्षा करता येत नाही. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दिव्यांग कर्मचाऱ्याला त्याच्या गरजेनुसार वाजवी सोय उपलब्ध करून देणे हे शासकीय आस्थापनांचे कर्तव्य आहे. हाताचे अपंगत्व असलेल्या कर्मचाऱ्यासाठी योग्य कळफलक ही अशीच एक सोय होय. परंतु अपंगत्व येईपर्यंत थांबण्याऐवजी ते टाळणे केव्हाही श्रेयस्कर.

त्या दृष्टीने कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक व सरपंच यांना पुढील गोष्टी सहज करता येतील. संगणक खरेदी करताना जी व्यक्ती त्यावर बसणार आहे, तिला त्या टेबल-खुर्चीवर आधी बसवून पाहावे. वर्षातून एकदा प्रत्येक टंकलेखकाच्या हातावर ती शालेय पट्टी धरून पाहावी. ‘हात दुखतो’ या तक्रारीची नोंद घ्यावी, तिची थट्टा होऊ देऊ नये. ज्याला खरोखर गरज आहे अशा कर्मचाऱ्यासाठी जुळवता येणारा कळफलक मागवावा आणि तो आल्यावर, तो जुळवण्यासाठी त्या कर्मचाऱ्याला पुरेसा वेळ द्यावा. शाळांतील संगणक कक्षात तर हे शिक्षण पहिल्याच दिवशी देता येईल. कारण तेथे लागलेली हाताची सवय पुढे चाळीस वर्षे सोबत राहते.

खेड्यातील सेवा केंद्रात बसणारा संगणक परिचालक दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज भरतो. कोणाची शिष्यवृत्ती, कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाचा पीकविमा त्याच्या बोटांतून पुढे जातो. त्याचा हात अधू झाला तर एका कुटुंबाची उपजीविका तर जातेच, शिवाय अवघ्या गावाची कामे खोळंबतात. दीडशे वर्षांपूर्वी लोखंडी दांड्यांच्या सोयीसाठी माणसाच्या मनगटाने वाकणे पत्करले. आता त्या दांड्या उरलेल्या नाहीत. यापुढे वाकावयाचे असेल तर ते यंत्राने वाकावे, माणसाच्या मनगटाने नव्हे.